चढांचा पीळ

भंगारवाला जुनी सायकल मोडायला घेतो तेव्हा मागच्या चाकाचे स्पोक आधी कापतो. मोठा कटर घेऊन चार-चार स्पोकांची जुडी एका दाबात तोडली की दोन मिनिटांत रिम एकीकडे आणि हब दुसरीकडे. रिम लोखंडाच्या ढिगात पडते. हब मात्र फ्रीव्हीलसकट हातात येतो आणि तिथून पुढे त्या दोघांची फारकत जवळपास अशक्य होऊन बसते. चाक गेलं म्हणजे धरायची जागाच गेली. हबची नळी गोल, गुळगुळीत. शेगड्यात आवळली तरी घसरते. कडेची चकती धरावी तर ती स्पोकच्या भोकांपाशी वाकते. पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी आणि रविवारी अशी जोडपी गोणपाटावर पसरलेली दिसतात. ती कुणी नेणार नाही हे विकणाऱ्यालाही ठाऊक असतं. तरी मांडतो बिचारा.

मी तिथून घेतलं ते अख्खं चाक होतं, आणि अख्खं होतं म्हणूनच घेतलं. पैसे दिल्यावर विकणारा सौजन्यानं म्हणाला, ‘‘कापून देऊ का? पिशवीत बसेल.’’ मी नको म्हणालो आणि ते धूड रिक्षात मांडीवर घेऊन आलो. रिक्षावाल्यानं आरशातून दोनदा पाहिलं, पण विचारलं काही नाही.

चाक साध्या काळ्या सायकलचं, अठ्ठावीस इंची. इंग्रजी पद्धतीच्या सायकलींना पुढे ३२ आणि मागे ४० स्पोक असत. ओझं मागच्या चाकावर जास्त, म्हणून तिथे तारा जास्त. हिशेब सरळ आहे. आपल्याकडच्या कारखान्यांनीही तो तसाच उचलला. याही चाकाला चाळीस होते, त्यातले काही तुटलेले. रिम गंजून एका जागी कागदाइतकी पातळ झाली होती. हब मात्र पोलादी आणि शाबूत. नळीच्या मध्यभागी तेल सोडायचं भोक, त्यावर सरकणारी स्प्रिंगची पट्टी. हल्लीच्या साध्या हबना हे भोक सहसा नसतं. एकदा ग्रीस भरायचं आणि विसरून जायचं, असा आताचा कारभार. मला तो हब हवा होता, दुसऱ्या एका सायकलसाठी. अडचण होती ती त्याच्या उजव्या बाजूला बसलेल्या अठरा दात्यांच्या फ्रीव्हीलची. दाते झिजून एका अंगाला कलले होते. नवी चेन अशा दात्यांवर बसत नाही, जोर दिला की उडी मारते. म्हणजे फ्रीव्हील वाचवण्यासारखं नव्हतंच. ते फक्त निघायला हवं होतं.

सायकलच्या दुकानात ‘फ्रीव्हील जाम आहे’ म्हटलं की जाणता मिस्त्री उलट विचारतो, ‘‘फिरत नाही, का निघत नाही?’’ हे दोन निराळे आजार आहेत. दुसऱ्याकडे यायचं तर फ्रीव्हीलच्या पोटात काय असतं ते पाहावं लागतं.

बाहेरून दात्यांची कडी दिसते. तिच्या आतल्या अंगाला करवतीसारखे तिरपे दाते कापलेले असतात. कडीच्या आत एक गाभा असतो, त्याला आतून आटे. या आट्यांवर तो हबला घट्ट बसतो. गाभ्यावर दोन छोटे कुत्रे, म्हणजे दात्यांत अडणाऱ्या खिट्ट्या, मागे केसासारखी पातळ स्प्रिंग, आणि सगळं अलगद फिरावं म्हणून दोन्ही कडांना बारीक छर्रे. पायडल मारलं की कडीचे तिरपे दाते कुत्र्यांना अडतात, गाभा फिरतो, हब फिरतो, सायकल पुढे जाते. पाय थांबले की चाक पुढे धावत राहतं, कडी जागच्या जागी. कुत्रे दात्यांवरून घसरत जातात आणि ती ओळखीची टिकटिक सुरू होते. उतारावर जो आवाज आपण ऐकतो तो काम थांबल्याचा आवाज असतो. मिस्त्री लोक फ्रीव्हीलमध्ये ग्रीस घालू देत नाहीत, पातळ तेलच घालतात. दाट ग्रीसमध्ये कुत्रे चिकटून बसतात, स्प्रिंगला ते उचलवत नाहीत, मग पायडल नुसतं गरागरा फिरतं आणि आपण भर चौकात उभे.

आता निघण्याचं बोलू. गाभ्याचे आटे सुलटे असतात, म्हणजे पायडल मारताना ते आवळले जातात. हे मुद्दाम केलेलं आहे. उलटे असते तर पहिल्याच चढाला फ्रीव्हील हातात आलं असतं. म्हणून बसवताना ते ताकद लावून आवळावं लागत नाही. हातानं फिरवून बसवलं की पुरतं, पुढचं काम स्वार करतो. पण याचाच दुसरा अर्थ असा की प्रत्येक पायडल, प्रत्येक चढ, मागच्या कॅरिअरवर ठेवलेलं प्रत्येक पोतं ते आणखी एखाद्या केसानं पुढे सरकवतं आणि मागे कधीच आणत नाही. बिजागरी, कुलूप, पंप या वस्तू पडून राहिल्या की अडकतात, वापरात असल्या की मोकळ्या राहतात. फ्रीव्हीलचं तसं नाही. जी सायकल सर्वांत जास्त राबली तिचं फ्रीव्हील सर्वांत घट्ट. गंज नंतर येतो आणि त्या घट्टपणावर शिक्का मारतो. लोखंडाचा गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा घेतो. आट्यांच्या फटीत तो तयार झाला की पाचर ठोकल्यासारखाच.

आणि हे सोडवावं कसं? दात्यांची कडी धरून उलटी फिरवावी तर ती आनंदानं फिरते, टिकटिक करत. तिला उलटं फिरायलाच बनवलंय. गाभ्याशी तिचा संबंध एकाच दिशेचा. त्यामुळे पकडायचा तो गाभाच, आणि तो असतो आत. त्याच्या तोंडावर दोन खाचा ठेवलेल्या असतात, त्यांत बसेल असं हत्यार लागतं. गंमत म्हणजे फ्रीव्हील पहिल्या अर्थानं जाम असेल, कुत्रे गंजून अडकले असतील, तर दुसऱ्या अर्थानं ते सोडवणं सोपं होतं. कडी आणि गाभा एकजीव झालेले असतात, कडीवर जोर लावला की तो थेट आट्यांपर्यंत पोचतो. फ्रीव्हील नसलेल्या, ट्रॅकवर शर्यतीत पळवायच्या सायकलींना मागच्या दातेरी चकतीवर उलट्या आट्यांची आणखी एक कडी आवळतात ती याच भीतीनं. स्वारानं मागे जोर देऊन वेग आवरला तर चकती सुटून यायची.

फ्रीव्हील येण्याआधी सगळ्याच सायकली तशा होत्या, चाक फिरतंय तोवर पायडल फिरणारच. विल्यम व्हॅन अँडेन नावाच्या माणसानं अमेरिकेत १८६९ मध्ये मोकळ्या चाकाचं पेटंट घेतलं होतं, पण लोकांना ते पटायला तीसेक वर्षं गेली. मधल्या काळात, १८८५ मध्ये इंग्लंडात स्टार्ली नावाच्या सायकलवाल्याची ‘रोव्हर’ आली. दोन जवळजवळ सारखी चाकं, मागच्या चाकाला चेन, म्हणजे आज आपण जिला सायकल म्हणतो ती. तिलाही फ्रीव्हील नव्हतं. उतार लागला की पायडल स्वाराच्या पायांना न जुमानता भिंगरीसारखी फिरत. म्हणून त्या काळच्या सायकलींच्या पुढच्या चिमट्याला दोन छोटे खुंट लावलेले असत. पाय पायडलांवरून उचलायचे, खुंटांवर ठेवायचे आणि उतार संपेपर्यंत देवाचं नाव घ्यायचं. एकोणिसावं शतक संपता संपता फ्रीव्हील सर्रास झालं. जर्मनीत एर्न्स्ट साक्सच्या कारखान्यानं १९०३ मध्ये ‘टॉर्पेडो’ हब काढला, त्यात मोकळं चाक आणि ब्रेक दोन्ही एकाच नळीत. आणि आज गिअरच्या दुनियेत जिचा दबदबा आहे त्या शिमानोची सुरुवात १९२१ मध्ये जपानमधल्या साकाई गावी एका छोट्या लोहारशाळेत झाली. तिचा पहिला माल म्हणजे फ्रीव्हीलच. साकाई हे सुऱ्या आणि बंदुका घडवणाऱ्यांचं गाव. पोलाद किती कडक करावं आणि कुठे थोडं नरम ठेवावं हे तिथल्या हातांना ठाऊक होतं, आणि फ्रीव्हीलमध्ये सगळं त्यावरच आहे. कुत्रे नरम निघाले की गोल होतात, फार कडक झाले की तुकडा उडतो.

मी ते चाक घेऊन गेलो ते दुकान आमच्या पेठेतलं, बोळाच्या तोंडाशी. मालक सत्तरीकडे झुकलेले. सगळे त्यांना काका म्हणतात, मीही. हाताखाली एक पोरगा. काकांनी चाक उलटसुलट करून पाहिलं, एक्सलचा नट काढला, कोन सैल करून एक्सल ओढली, छर्रे एका डबीत काढून ठेवले. मग फ्रीव्हीलच्या खाचांवर बोट फिरवलं.

‘‘आधी कुणीतरी मारलंय याला.’’

खाचांच्या कडा खरंच चेपल्या होत्या. कधीकाळी कुणी योग्य हत्यार नसताना छिन्नी लावून हातोडा घातलेला. फ्रीव्हील हललं नाही, खाच मात्र गेली, आणि त्यानं नाद सोडला. पुढे किती वर्षं सायकल तशीच चालली कोण जाणे.

‘‘रॉकेल आहे का?’’ मी विचारलं.

‘‘रॉकेल आता कुठलं, साहेब. डिझेलमध्ये थोडं ऑइल टाकतो. आज जाऊ द्या, मुरू द्या त्याला.’’

मी तापवण्याचं सुचवून पाहिलं. काकांनी मान हलवली, आणि ते बरोबर होते. इथे हबचे आटे आत आणि फ्रीव्हील बाहेर. दोन्ही पोलाद, सगळंच तापलं तर दोन्ही सारखंच फुगणार, सुटणार काय? फक्त बाहेरचं तापवता आलं तर थोडा उपयोग. पण हब ॲल्युमिनियमचा असेल तर सावध, कारण ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं. आतला हब बाहेरच्या फ्रीव्हीलला आणखीच चिरडून बसेल. बरणीचं झाकण गरम पाण्याखाली धरायची युक्ती इथे डोळे झाकून वापरण्यात अर्थ नाही.

डिझेल मुरत होतं तोवर मी घरी वहीत एक हिशेब मांडला. समजा साठ किलोचा माणूस चढावर उभा राहून एका पायडलवर सगळा भार टाकतो. पायडलचा दांडा सुमारे सतरा सेंटिमीटर. पुढचं चेनव्हील ४४ दात्यांचं, मागे १८. दाते मागे कमी, म्हणून मागे पोचताना पीळ त्या प्रमाणात घटतो. रिमची त्रिज्या बत्तीस सेंटिमीटर धरली तर उत्तर येतं सुमारे तेरा किलो. म्हणजे त्या माणसाचा पूर्ण भार रिमच्या कडेला तेरा किलोनं तोलता येतो. मला हे पाहून थोडं वाईटच वाटलं. बापड्यानं दात-ओठ खाऊन चढ चढला, आणि वहीत त्याचे तेरा किलो. त्याच हिशेबानं हेही कळतं की गिअरच्या सायकलवर हलका गिअर टाकून चढणाऱ्यांचं फ्रीव्हील अधिक आवळतं. पायाला हलकं वाटतं, पण मागे पीळ मोठा पडतो.

मग चाकच फिरवून सोडवावं असं का म्हणतात? लांबीचा फायदा म्हणाल तर एक फूट लांब पाना रिमच्या जवळपास पोचतोच. फरक दुसरा आहे. पान्यावर एका बाजूनं जोर पडतो, त्यामुळे हत्यार कलतं आणि खाचेतून निसटतं. रिमवर दोन हात समोरासमोर लावता येतात, एक ओढतो, दुसरा ढकलतो; जोर सगळा पिळात जातो, कलायला काही उरत नाही. शिवाय जमिनीत बोल्टनं घट्ट केलेला शेगडा खालचं टोक धरून असतो. तो दमत नाही.

दुसऱ्या खेपेला काकांनी एक्सल तात्पुरती परत घालून, हत्यार खाचांत बसवून, वरून नट आवळून, चाक शेगड्यावर उपडं घातलं. नट आवळतात तो हत्यार उचललं जाऊ नये म्हणून. पण फ्रीव्हील एकदा जरा हललं की तो लगेच सैल करायचा, नाहीतर आपणच आपल्याला अडवतो. ती वेळ आलीच नाही. चेपलेल्या खाचेतून हत्यार सुटलं आणि पोरगा चाकासकट भिंतीवर गेला. काका हसले नाहीत. ‘‘आता उघडायचं,’’ म्हणाले.

फ्रीव्हीलच्या तोंडावरच्या झाकणाला दोन बारीक खड्डे असतात. झाकणाचे आटे उलटे. ज्याला हे ठाऊक नसतं तो झाकण सोडवतोय असं समजून आवळत बसतो. काकांनी खड्ड्यात पंच तिरका टेकवला आणि घड्याळाच्या दिशेनं, जोरात नव्हे, सारख्या अंतरानं ठोके दिले. कितव्या तरी ठोक्याला झाकण जरासं सरकलं. मग बोटांनी फिरलं. खाली पोऱ्यानं ताटली धरली होती. कडी वर उचलताच छर्रे ताटलीत पावसासारखे पडले, काही ताटलीबाहेर. दोन कुत्रे, एक तुटकी स्प्रिंग, काळी पेस्ट झालेलं तेल. कुत्र्यांची टोकं पार गोल झाली होती. एवढ्या गोल टोकांनी हे चालत तरी कसं होतं, असं काका स्वतःशीच बोलले.

फ्रीव्हीलचं असं पोट फाडलं की परतीचा रस्ता बंद. तसं कडी परत बसवता येते. नवे कुत्रे, नवे छर्रे घालून फ्रीव्हील पुन्हा चालू करणारे कारागीर एके काळी गल्लोगल्ली होते. कारखान्याच्या भोंग्यावर हजारांनी सायकली सुटायच्या त्या पुण्यात या कामावर कितीतरी घरं चालली. आता नवं फ्रीव्हील इतकं स्वस्त आहे की कुत्रे बदलायची मजुरी त्याहून जास्त होईल. यात मला रडण्यासारखं काही दिसत नाही. जुन्या सायकलला रंग फासून हॉटेलच्या भिंतीवर टांगणाऱ्यांपेक्षा नवं फ्रीव्हील घालून ती रस्त्यावर आणणारा मला बरा वाटतो. गिअरच्या सायकलींत तर हा सगळा प्रश्नच १९७८ नंतर हळूहळू मोडीत निघाला. शिमानोनं शर्यतीच्या सायकलींसाठी असा हब आणला की कुत्र्यांचं यंत्र हबमध्येच, आणि दात्यांच्या चकत्या त्यावर खाचांतून सरकवायच्या. खाचांत बसलेल्या चकत्यांना स्वाराचा जोर आवळत नाही. उत्तम युक्ती. साध्या सायकलींना मात्र अजून आट्यांचंच फ्रीव्हील येतं, आणि काकांसारख्यांचे शेगडे चालू राहतात.

आता हबवर उरला होता फक्त गाभा, अंगठीएवढ्या रुंदीचा. त्याला काकांनी शेगड्याच्या जबड्यात धरलं आणि दांडा आवळला. गाभ्याच्या बाहेरच्या अंगावर जबड्याचे दाते उमटले. हब वाचवायचा आणि गाभा मारायचा, हे ठरलेलंच होतं. चाक आडवं, जमिनीला समांतर. एका बाजूला मी, समोर पोरगा. वरून बघताना डावीकडे फिरवायचं.

इथे एक गोष्ट लक्षात आली. वरून पाहिलं तर डावीकडे, पण सायकलला लावलेलं चाक डोळ्यांपुढे आणलं तर ही दिशा पुढे जायचीच. गाभा थांबलेला आणि चाक पुढे जातंय. उतारावर कडी थांबून चाक पुढे जातं, अगदी तेच. फक्त इथे मध्ये कुत्रे नव्हते, त्यामुळे जोर थेट आट्यांवर. स्पोकांचंही तसंच. मागच्या चाकाचे स्पोक आडवे-तिरके विणलेले असतात. पायडल मारताना निम्मे ताणले जातात, निम्मे थोडे सैलावतात. आम्ही रिम ढकलली तेव्हा उलट झालं. जन्मभर ओढणाऱ्या तारा सैलावल्या आणि बाकीच्यांवर ताण आला. त्यातली एक खणकन तुटली. पोरगा थांबला.

‘‘तुटू दे,’’ काका म्हणाले. ‘‘थांबू नका, धक्का नको, दाब द्या. वाढवत न्या.’’

धक्क्यानं रिम नुसती लवते आणि जोर तिथेच जिरतो. सावकाश वाढवत नेलेल्या दाबाला कुठे जिरता येत नाही. आम्ही दोघं रिमला लोंबकळल्यासारखे झालो होतो. मग लाकूड पिचावं तसा आवाज झाला आणि चाक वीतभर पुढे आलं. मला वाटलं रिम गेली. पण काका वाकून गाभ्याकडे बघत होते, आणि म्हणाले, ‘‘फिरवा आता.’’

पुढचे वेढे बोटांनी निघाले. आटे पाहिले. काठाचे दोन वेढे तपकिरी, आतले मात्र पांढरे स्वच्छ, जणू आज कातलेले. इतकी वर्षं हवाच लागली नव्हती. हा आटा इंग्रजी मापाचा, इंचाला चोवीस वेढे. फ्रेंच माप याच्या इतकं जवळचं की जोर केला तर एकाचं फ्रीव्हील दुसऱ्याच्या हबवर चढतं, आणि हबचे आटे कायमचे खरवडून ठेवतं. आपल्याकडच्या साध्या सायकलींत ही भानगड नाही. सगळे इंग्रजी.

यानंतर स्पोक कापले. कटर पोऱ्याच्या हातात दिला होता.

काकांच्या माळ्यावर चाळीस भोकांची रिम निघाली. त्यांनी ती विणली, आउट काढला आणि नवं फ्रीव्हील पुढे केलं अठरा दात्यांचं. मी वीस मागितलं. पुण्यात पूल वाढले, गुडघे होते तेवढेच राहिले. वीस दात्यांनी चढ हलका होतो, पण चेन तोकडी पडते, चाक चिमट्यात थोडं पुढे घ्यावं लागतं. काका कुरकुरले आणि वीसचं दिलं. आट्यांना बोटभर ग्रीस लावून हातानं फिरवत नेलं आणि जिथे अडलं तिथे सोडलं. पाना लावला नाही.

‘‘पहिल्या चढाला कट्ट वाजेल,’’ म्हणाले. ‘‘घाबरू नका, बसतंय ते. पुन्हा पुन्हा वाजलं तर मात्र घेऊन या.’’

सेनापती बापट रस्त्याच्या चढावर, मागून बस हॉर्न देत असताना, वाजलं. त्यानंतर नाही.